कोणतं समुपदेशन आपल्याला मानवेल?

"एखादा चांगला समुपदेशक सांगा ना," असं हल्ली ओळखीपाळखीतून वारंवार विचारलं जातं. "नेमकं काय होतंय?" असं मी विचारलं की समोरचा गोंधळतो. समुपदेशन सगळीकडे सारखंच, फरक फक्त समुपदेशकाच्या हुशारीत, असं त्याने धरलेलं असतं. इथेच पहिली गफलत होते.

माणूस कशाने बदलतो, या प्रश्नाची उत्तरंच वेगवेगळी आहेत, म्हणून पद्धतीही वेगळ्या. कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीत समुपदेशक सल्ला देत नाही. कसलाही न्यायनिवाडा न करता तो मनापासून ऐकतो, आणि त्या आधाराने माणूस स्वतःची वाट शोधतो. नवरा गेल्यावर "आता सावर स्वतःला" असं म्हणत घरच्यांनी जिला धड रडूही दिलं नाही, तिला बहुधा हेच हवं असतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मात्र भावनेमागचा विचार तपासायला लावते. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. मराठीत ती समजायलाही सोपी जाते, कारण सगळा फरक एका 'च'मध्ये दिसतो. "मला यश मिळायला हवं" ही इच्छा झाली. "मिळायलाच हवं" हा हट्ट झाला आणि तो मोडला की माणूस कोसळतो. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या मुलाला हा 'च' सापडला की बराच मोकळा श्वास घेता येतो. नुकतीच आई गमावलेल्या मुलीला मात्र पहिल्याच भेटीत विचार तपासायला लावले, तर ते तिला क्रूर वाटेल.

"मन मोकळं केलं की बरं वाटतंच," हा समज अर्धाच खरा आहे, आणि मंत्रचळात, म्हणजे ओसीडीत, तो घातकही ठरू शकतो. पुन्हा पुन्हा हात धुणारी व्यक्ती विचारते, "झाले ना स्वच्छ?" घरचे प्रेमाने म्हणतात, "हो गं, झाले." त्या दिलाशाने घटकाभर शांत वाटतं, पण शंकेला खतपाणी मिळतं आणि थोड्या वेळाने ती दुप्पट जोराने परत येते. समुपदेशकही नुसता धीर देत राहिला, तर तेच होतं. इथे उपयोगी पडते ती ईआरपी नावाची पद्धत. भीती वाटणाऱ्या गोष्टीला तज्ज्ञाच्या सोबतीने पायरीपायरीने सामोरं जायचं आणि हात न धुता ती अस्वस्थता ओसरू द्यायची. म्हणून ओसीडी असेल तर पहिल्याच फोनवर विचारावं, "तुम्ही ईआरपी करता का?"

"बालपण उकरल्याशिवाय नैराश्य जात नाही," असंही बऱ्याच जणांना वाटतं. गोव्यात 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला प्रयोग इथे सांगायलाच हवा. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना भेटणारे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, खास प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटींत त्यांनी नैराश्याने सुटून गेलेल्या गोष्टी हळूहळू परत सुरू करवल्या: घराबाहेर पडणं, कुणाला भेटणं, रखडलेलं एखादं काम उरकणं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. हे समुपदेशन न मिळालेल्या गटात ३९ टक्के. मला यात फार मोठा दिलासा दिसतो. अर्थात त्यांना प्रशिक्षण होतं आणि त्यांच्या कामावर देखरेखही होती, त्यामुळे कुणीही पाटी लावून बसावं असा याचा अर्थ नाही. शिक्षण काय, कुणाच्या मार्गदर्शनाखाली काम केलं, हे निःसंकोच विचारावं.

गोळ्या सुरू होणं म्हणजे समुपदेशन फसणं, हेही खरं नाही. अनेकदा दोन्ही हातात हात घालून चालतात. पण कानात आवाज येत असतील, दिवसेंदिवस झोप नसूनही अंगात प्रचंड उत्साह असेल, किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला गाठावं. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मिळते, आणि मराठीतून बोलता येतं.

भाषेचा विचार आपण फारच कमी करतो. पुण्यात असा नाहीतर न्यू जर्सीत, ज्या भाषेत आपण घरी भांडतो आणि रडतो, त्या भाषेतला समुपदेशक मिळाला तर अर्धी वाट सोपी होते. आता तो ऑनलाइनही भेटू शकतो.

आणि एकदा धरलेला समुपदेशक सोडणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याचे तीन धागे सांगितले: आपुलकी, ध्येयाबद्दल एकमत, आणि तिथवर कसं जायचं याबद्दल एकमत. तीन-चार भेटींनंतर यातला एखादा धागा जुळत नाहीसा वाटला, तर ते तोंडावर सांगावं. "तुम्ही ऐकता छान, पण मला काहीतरी करून बघायचंय," एवढं म्हटलं तरी पुरे. चांगला समुपदेशक त्याने दुखावत नाही. तो पद्धत बदलतो, नाहीतर "यासाठी अमुक जण माझ्यापेक्षा योग्य" असं म्हणून स्वतःच पुढचा पत्ता लिहून देतो.