शेत कुणाचं, गोळी कुणाची?

जमिनीखालचा इतिहास : लेखांक ९

मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या लढायांचे अवशेष शोधणाऱ्यांना अमेरिकेत एक गोष्ट पक्की ठाऊक असते : रणांगणापेक्षा छावणी बरी. लढाई एका दिवसात उरकते, छावणी महिनोन्‌महिने टिकते. डिसेंबर १८६३ ते मे १८६४ या काळात यादवी युद्धातल्या उत्तरेच्या मुख्य फौजेनं व्हर्जिनिया राज्यातल्या कल्पेपर परगण्यात हिवाळा काढला. लाखाच्या वर शिपाई, ओंडक्यांच्या झोपड्या, मातीच्या चुली आणि करायला फारसं काही नाही. एवढ्या माणसांच्या अंगावरून, खिशातून, काडतुसांच्या पेटीतून काय काय सांडलं असेल! गरुडाची छाप असलेली कोटाची बटणं, पट्ट्याचं ‘यूएस’ लिहिलेलं पितळी बक्कल, आणि सगळ्यात जास्त म्हणजे शिशाच्या गोळ्या.

त्या गोळीजवळ जरा थांबू. फ्रेंच अधिकारी मिनिए याच्या नावानं ती ओळखली जाते. वजन साधारण पावणेतीन तोळे, आकार लांबट, टोकाला निमुळता आणि बुडाशी पोकळ. बंदूक पुढून भरायची, त्यामुळे गोळी नळीत सहज सरकायला हवी. बार झाला की वायूच्या दाबानं पोकळ बूड फुगायचं आणि नळीच्या आतल्या पिळदार खाचांत घट्ट बसायचं. गोळी गिरकी घेत बाहेर पडायची, म्हणून लांबवर नेमकी लागायची. मातीतून निघालेल्या गोळीच्या अंगावर त्या खाचांचे ओरखडे असले तर ती झाडलेली, नसले तर खिशातून पडलेली. काहींच्या टोकात स्क्रूचं भोक असतं. दारू भिजली, बार उडाला नाही, की गजाला लावलेला स्क्रू आत फिरवून शिपाई गोळी उपसून काढत, त्याची ती खूण. काही गोळ्या चाकूनं कोरून बुद्धिबळातली प्यादी केलेली असतात. दातांचे व्रण असलेली गोळी मिळाली की विकणारा हमखास सांगतो, पाय कापताना जखमीनं दाताखाली धरलेली आहे. फारसा विश्वास ठेवू नये. त्या युद्धात शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म आणि ईथर सर्रास वापरले गेले, आणि अशा बऱ्याच गोळ्या चावल्या आहेत त्या डुकरांनी.

दोन्ही बाजूंनी ब्रिटनमधून लाखांनी मागवलेली बंदूक होती १८५३च्या नमुन्याची एन्फील्ड. ज्या काडतुसांच्या चरबीवरून आपल्याकडे १८५७ पेटलं, ती याच बंदुकीची. व्हर्जिनियातल्या मक्याच्या शेतात कुणी एन्फील्डची गोळी उचलतो, तेव्हा बराकपूर आणि मेरठच्या शिपायांनी ज्या काडतुसांना हात लावायला नकार दिला, त्यांचीच सख्खी भावंडं त्याच्या हातात असतात.

मागच्या लेखात साधा डिटेक्टर कसा चालतो ते पाहिलं. कल्पेपरची लाल माती त्याला सपशेल चकवते. तिच्यात लोहखनिजं इतकी, की मातीच यंत्राला उत्तर देत राहते. वरवर पडलेली गोळी कळते. वीतभर खाली गेलेली एकतर ऐकूच येत नाही, नाहीतर पडद्यावर लोखंड म्हणून उमटते. म्हणून तिथे जाणकार पल्स इंडक्शन जातीचं यंत्र वापरतात. ते चुंबकीय क्षेत्राचा एक झटका देऊन थांबतं आणि धातूत उठलेला प्रवाह किती वेळानं विरतो ते ऐकतं. माती लगेच गप्प होते, धातू थोडा रेंगाळतो. पण शिसं की लोखंड हे त्याला नीट सांगता येत नाही, त्यामुळे झोपडीचे आणि कुंपणाचे गंजके खिळे खणून काढण्यात दिवस जातो. या छंदातली निम्मी चिकाटी खिळ्यांवरच खर्च होते.

आता मालकीचं. अमेरिकेत सर्वसाधारण नियम असा, की खाजगी जमिनीत रुतलेली वस्तू जमिनीच्या मालकाची, सापडवणाऱ्याची नव्हे. म्हणून शेतकऱ्याचं दार ठोठवायचं, परवानगी शक्यतो लेखी घ्यायची, खड्डे बुजवायचे, फाटक लावून घ्यायचं आणि वाटणी आधी ठरवायची. काही शेतांवर तर पैसे भरून सामुदायिक खोदाई चालते, शेकडो माणसं एकदम उतरतात. मानवी हाडं लागली, तर मात्र मालकाच्या परवानगीला अर्थ उरत नाही. काम तिथेच थांबवून पोलिसांना कळवायचं.

कुंपणाच्या पलीकडे राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू झाली की सगळंच उलटं. केंद्र सरकारच्या जमिनीवरचे शंभर वर्षांहून जुने पुरातत्त्वीय अवशेष विनापरवाना उकरणं १९७९च्या कायद्यानं गुन्हा आहे. उद्यानात डिटेक्टर नुसता हातात धरून फिरायलाही बंदी. गाडीत असेल तर सुटा करून बांधून ठेवलेला हवा. कुंपणं पुढे पडली, लढाई आधी झाली होती, हे या व्यवस्थेला ठाऊकच नाही. ९ जून १८६३ रोजी ब्रँडी स्टेशनला त्या युद्धातली सर्वांत मोठी घोडदळाची लढाई झाली, तीही याच परगण्यात, शेताशेतांतून. त्यातली बरीच जमीन रणभूमी जपणाऱ्या संस्थांनी पुढे विकत घेतली आणि २०२४ साली तिथे राज्याचं उद्यान उघडलं. सातबारा बदलला, त्याबरोबर मातीतल्या गोळीचा कायदाही बदलला.

आपल्याकडे सातबाऱ्यावरचं नाव एवढं कामाला येत नाही. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं, तर ते कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा परदेशी व्हिडिओ पाहून कुणाला असईच्या शिवारात १८०३ची लढाई शोधायची हुक्की आली, तर तिला आवर घातलेला बरा.

खणू नये असंच माझं म्हणणं आहे का? नाही. मॉन्टाना राज्यातल्या लिटल बिगहॉर्नला २५ जून १८७६ रोजी अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर आणि त्याच्या हाताखालच्या पाच तुकड्यांचा लाकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी पुरता खातमा केला. १९८३च्या वणव्यात तिथलं गवत जळून रान उघडं पडलं. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी हौशी डिटेक्टरवाल्यांनाच बोलावलं. पद्धत साधी होती. ओळीनं चालायचं, आवाज आला की खणायचं नाही, झेंडी रोवून पुढे जायचं. मागून दुसरी तुकडी उकरायची, तिसरी जागा मोजून नकाशावर घ्यायची.

बंदुकीची पिन काडतुसाच्या बुडावर आदळते तेव्हा उमटणारी खूण प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. एकाच बंदुकीची रिकामी काडतुसं टेकडीवर कुठे कुठे पडली ते नकाशावर जोडत गेलं, की ती बंदूक कुठून कुठे सरकली ते दिसतं. घोडदळाकडे एका वेळी एकच बार काढणाऱ्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या. समोरच्या योद्ध्यांपैकी अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टर या लागोपाठ बार काढणाऱ्या रायफली होत्या, हे मातीनं सिद्ध केलं. लाकोटा-शायेन साक्षीदारांच्या ज्या हकिकतींकडे शंभर वर्षं काणाडोळा झाला, त्यांचं वजन या नकाशांनी वाढवलं. तीच काडतुसं कुणी पिशवीत एकत्र टाकून घरी नेली असती, तर ती भंगाराच्या भावाची.

‘आम्ही नाही काढलं तर मातीत सडून जाईल,’ हे खाजगी शेतात खणणाऱ्यांचं आवडतं समर्थन. लोखंडाबाबत खरं आहे. शिशाबाबत नाही, त्याच्यावर पांढरट थर चढतो आणि तो आतल्या धातूला सांभाळतो. पण वॉशिंग्टनपासून दक्षिणेला पसरणाऱ्या वसाहतींसाठी जिथे बुलडोझर फिरतो, तिथे त्यांचं म्हणणं मला पटतं. स्टॅफर्ड परगण्यातले कितीतरी तळ अशाच घरांखाली गेले. अशा ठिकाणी आधी पोहोचलेल्या माणसाला फोनमध्ये प्रत्येक वस्तूची जागा टिपायला, खोली लिहायला आणि पिशवीवर नंबर घालायला फार तर दोन मिनिटं लागतात. काही जण हे करतात. बाकीच्यांवर कुठल्याही कायद्याची सक्ती नाही, आणि मला खटकतं ते एवढंच.

तोफगोळ्याबद्दल मात्र मतभेदाला जागा नाही. आत दारू भरलेला गोळा दीडशे वर्षांनीही जिवंत असू शकतो. २००८ साली व्हर्जिनियातच, घराच्या अंगणात जुना गोळा निकामी करताना एका अनुभवी संग्राहकाचा जीव गेला. स्फोटाचा तुकडा बऱ्याच अंतरावरच्या दुसऱ्या घरावर जाऊन आदळला. असा गोळा दिसला तर हलवायचा नाही, घासायचा नाही, बॉम्बशोधक पथकाला बोलवायचं.

(पुढच्या आठवड्यात : ब्रिटन. कोसळलेल्या लष्करी विमानाचे अवशेष स्वतःच्या शेतात असले तरी १९८६च्या कायद्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला ते परवान्याशिवाय का उकरता येत नाहीत?)