शिवनेरीवरून निघालेले नाव

पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावाहून उत्तरेकडे जुन्नरला गेले की शिवनेरीचा कातळ समोर उभा राहतो. महाराष्ट्रातल्या एका अतिशय परिचित नावाचा जन्म या गडावरचा आहे. शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी, जिजाबाईंना येथे मुलगा झाला. गडावरच्या शिवाई देवीवरून त्याचे नाव शिवाजी ठेवले, असे परंपरा सांगते. कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य नावाचा संबंध थेट गडाशी जोडते. दोन्ही मते घेतली तरी नाव जुन्नरच्या मातीतलेच ठरते.

भोसले घराण्यात श्रद्धास्थानावरून नाव ठेवण्याची रीत त्याआधीही होती. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली. पुढे शिवाजी हे नाव घराण्यात वारशाने फिरत राहिले. राजारामांचा ताराबाईंपासून झालेला मुलगा शिवाजी; कोल्हापूरच्या गादीवर या नावाचे अनेक छत्रपती झाले; तंजावरच्या भोसल्यांचा शेवटचा राजाही शिवाजीच, त्याचे निधन १८५५ मध्ये झाले. तोवर हे नाव प्रामुख्याने राजघराण्याशी जोडलेले होते. जोतीराव फुल्यांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा १८६९ चा आणि लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने शिवजयंतीचा उत्सव सुरू झाला तो १८९०च्या दशकात. विसाव्या शतकात हे नाव शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, पोलीस शिपायाच्या घरात पाळण्यातले नाव म्हणून रुळलेले दिसते. आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीचे शिवाजीराव आढळराव पाटील २००४ पासून सलग तीन वेळा लोकसभेवर निवडून गेले. पण राजकारणापेक्षा साहित्य, विचार आणि अभिनय या क्षेत्रांतल्या शिवाजींची कथा अधिक वेधक आहे.

मराठी वाचकाला यातले पहिले आठवतात ते शिवाजी सावंत. त्यांचा जन्म १९४० चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचा. कोल्हापुरात शाळेत नोकरी करत असताना त्यांनी कर्णाच्या आयुष्यावर कादंबरी लिहायला घेतली. ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखक सत्तावीस वर्षांचा होता. या कादंबरीची खरी ताकद तिच्या मांडणीत आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून कथा पुढे सरकते, त्यामुळे एकच माणूस आईला, बायकोला, भावाला, मित्राला कसा दिसतो हे वाचकाला उलगडत जाते. महाभारत घरोघर माहीत असूनही ही कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते, याचे कारण या रचनेत आहे. ‘मृत्युंजय’ला भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला. १९७९ मध्ये त्यांची ‘छावा’ आली. शिवाजी नावाच्या लेखकाने संभाजीराजांचे चरित्र कादंबरीत बांधावे, हा योग वाचकांच्या मनात सहज घर करून बसला. याच कादंबरीवर आधारलेला हिंदी चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. सावंत मात्र २००२ मध्ये गोव्यात निवर्तले होते.

विचारांच्या क्षेत्रातले शिवाजी म्हणजे प्राचार्य शिवाजीराव भोसले. १९२७ साली सातारा जिल्ह्यात जन्मलेले भोसले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले आणि पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांची ओळख पदांपेक्षा वाणीने झाली. ज्ञानेश्वर, विवेकानंद, अरविंद घोष हे त्यांच्या व्याख्यानांचे विषय. गावोगावच्या व्याख्यानमालांत, कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या श्रोत्यांसमोर, ते तत्त्वज्ञान साध्या मराठीत मांडत. आवाज न चढवता, शब्द तोलून बोलण्याची त्यांची पद्धत होती. ‘दीपस्तंभ’ आणि ‘यक्षप्रश्न’ ही त्यांची पुस्तके आजही वाचली जातात. व्याख्यान हे लोकशिक्षणाचे साधन आहे ही महाराष्ट्राची जुनी समजूत त्यांनी स्वातंत्र्योत्तर काळात जिवंत ठेवली, आणि हे काम पुस्तकांहून मोठे आहे. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

चित्रकलेत नाशिकचे शिवाजी तुपे निसर्गचित्रांसाठी ओळखले जातात. पडद्यावरचे शिवाजी साटम मराठी नाटक-चित्रपटांतून आले, पण १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’ मालिकेतील एसीपी प्रद्युम्न या भूमिकेने देशभर पोहोचले.

या नावाचा सगळ्यात नवलाचा प्रवास मात्र तमिळ भूमीत झाला. १९४०च्या दशकात द्रविड चळवळीतले नेते सी. एन. अण्णादुराई यांनी शिवाजी महाराजांवर एक तमिळ नाटक लिहिले. राज्याभिषेकाला झालेला विरोध आणि जातिव्यवस्थेचा प्रश्न हा त्याचा गाभा होता. फुल्यांना ज्या शिवाजीची ओढ होती, जवळपास त्याच शिवाजीची गरज द्रविड चळवळीला वाटली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नाटकात महाराजांची भूमिका गणेशन या तरुण नटाने केली. त्याचे काम पाहून याच चळवळीचे प्रणेते पेरियार रामसामी यांनी त्याला ‘शिवाजी’ गणेशन म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. जन्माने मिळालेले नाव मागे पडले आणि भूमिकेतून मिळालेले पुढे आले. १९५२ च्या ‘पराशक्ती’पासून त्यांची चित्रपट कारकीर्द सुरू झाली. ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’साठी १९६० मध्ये कैरोच्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. फ्रान्स सरकारनेही कला आणि साहित्यासाठी दिला जाणारा शेव्हालिए हा सन्मान त्यांना दिला. १९९६ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांचाच.

दुसऱ्या एका नटाच्या बाबतीत नेमके उलट घडले. १९५० मध्ये बंगळूरच्या एका मराठी कुटुंबात मुलगा झाला. या घराण्याचे मूळ पुरंदर तालुक्यातल्या मावडी कडेपठारचे सांगितले जाते. मुलाचे नाव छत्रपतींवरून ठेवले: शिवाजीराव गायकवाड. वडील पोलीस खात्यात शिपाई. मुलाने बंगळूरच्या बसमध्ये कंडक्टरची नोकरी केली आणि पुढे मद्रासला जाऊन अभिनयाचे शिक्षण घेतले. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला १९७५ च्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये संधी दिली, पण तमिळ पडद्यावर शिवाजी नावाचा नट आधीच तळपत होता. दोन शिवाजी चालणार नव्हते. बालचंदर यांनी आपल्याच एका जुन्या चित्रपटातल्या पात्राचे नाव त्याला दिले: रजनीकांत.

म्हणजे ज्याच्या घराण्याचा शिवाजी नावाशी काही संबंध नव्हता तो शिवाजी झाला, आणि जो जन्मतः मराठी शिवाजी होता त्याला ते नाव सोडावे लागले. १९९९ च्या ‘पडयप्पा’त दोघे एकत्र दिसले. २००७ मध्ये रजनीकांतने नायक म्हणून केलेल्या चित्रपटाचे नाव होते ‘शिवाजी’. २०१९ साठीचा फाळके पुरस्कार त्यालाही मिळाला.

हे नाव जिथून निघाले, तो शिवनेरी चढताना सात दरवाजे लागतात. पाचव्या, सिपाई दरवाजानंतर मुख्य वाट सोडून उजवीकडे वळले की कातळात कोरलेल्या लेण्यांच्या रांगेजवळ शिवाई देवीचे मंदिर आहे.