टनांचा आयतालेख आणि एकच खांब

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणी उसाची गाडी काट्यावर चढली की वजन नोंदलं जातं. समजा, हंगामाअखेर सभासदवार वजनं घेऊन पायथनच्या मॅटप्लॉटलिबला आयतालेख काढायला सांगितलं. सर्वांत कमी ऊस 20 टन, सर्वांत जास्त 2,000 टन. तुम्ही काही सांगितलं नाही तर प्रोग्राम 10 सारखे गट पाडतो. पहिलाच गट 218 टनांपर्यंत जातो आणि बहुतेक अल्पभूधारक त्यातच कोंबले जातात. चित्रात एक उंच खांब, बाकी सगळं ओसाड.

यावर उपाय म्हणजे बेरजेऐवजी गुणाकाराने वाढणारे गट: 20 ते 32, 32 ते 50, 50 ते 80 टन, असे. पायथनच्याच नमपाय संचातलं 'जिओमस्पेस' या गटांच्या सीमा काढून देतं. आडवा अक्षही लॉग प्रमाणाचा ठेवावा, नाहीतर डावीकडचे खांब सुतासारखे बारीक दिसतात.

आकडा खरोखर अगडबंब असेल तर दुखणं वेगळं. 64 बिटांची फ्लोटिंग पॉइंट संख्या 9,00,71,99,25,47,40,992 पर्यंतचेच सगळे पूर्णांक अचूक धरते. गाडीची वेळ 1970 पासूनच्या नॅनोसेकंदांत अशा संख्येत ठेवली, तर शेजारच्या दोन संख्यांत 256 चं अंतर पडतं. गट त्याहून अरुंद मागितले की नमपाय सरळ नकार देतं. तेव्हा आधी पूर्णांकातच हंगामातली पहिली वेळ वजा करायची, मग आलेख काढायचा.