पर्समधली बॅटरी रुसली तर?

पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, पण घरोघरी ती बॅटरीच, आणि तिच्या पोटात घालायचे ते सेल! हल्ली तर बोटाएवढी, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायची एलईडीची बॅटरी मिळते.

“पण मोबाइलला दिवा असतोच की,” असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी २६ जुलै २००५ आठवून पाहावा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांत कित्येक ठिकाणी गेलेली वीज दिवस उलटला तरी आली नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रीडमधल्या बिघाडानं मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी मोबाइलचं चार्जिंग घरच्यांशी दोन शब्द बोलायला राखून ठेवावं लागतं. बंद लिफ्टच्या इमारतीत सासूबाईंचा हात धरून चार मजले उतरायचे, तर हाताशी वेगळी बॅटरी हवी.

पण ऐन वेळी ती लागत नाही. आपण म्हणतो, “दिवा गेला,” आणि नवी आणतो. खरं म्हणजे जुन्या बल्बसारखी तार एलईडीत नसते, त्यामुळे दिवा सहसा जात नाही. बिघाड असतो तो विजेच्या वाटेत, म्हणजे सेल, स्प्रिंग, पत्र्याची पट्टी किंवा बटण यांत. आणि ही वाट घरच्या घरी साफ करता येते.

आधी सेल पाहा. जुन्या बल्बला सगळेच सेल उलटे घातले तरी चालायचं, एलईडीला चालत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी मोडीत काढलेली बॅटरी नुसता सेल उलटा केल्यावर लख्ख पेटली! सपाट बाजू साधारणपणे स्प्रिंगकडे येते, तरी आतली अधिक-उणे चिन्हं पाहावीत. एक जुना, एक नवा अशी जोडी लावू नये, अशक्त सेल पाझरतो.

सेल पाझरला असेल तर. रबरी हातमोजे घालून सेल काढा. सेलवर ‘अल्कलाइन’ लिहिलं असेल, तर तो पांढरा भुगा खारट जातीचा नसून दाहक क्षार असतो. काडीला कापूस गुंडाळून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाच्या दोन थेंबांनी तो पुसावा. साध्या झिंक-कार्बन सेलचा पाझर आम्लधर्मी, म्हणून त्याला चिमूटभर खायचा सोडा पाण्यात कालवून लावावा. मग ओलसर फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्यावं. पट्टीवरचा गंज मुलांच्या खोडरबरानं किंवा बारीक पॉलिश पेपरनं घासावा. चपटी झालेली स्प्रिंग चिमट्यानं हलकेच वर ओढावी.

पाण्यात पडली तर. लागते का, हे पाहण्याची घाई नको. आधी सेल काढा. गटाराचं पाणी शिरलं असेल तर आतून स्वच्छ पाण्यानं विसळा, हात साबणानं धुवा आणि सगळे भाग सुटे करून दोन दिवस पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा तव्यावर मुळीच वाळवू नका. झाकणाचा रबरी वायसर चिरला असेल, तर तेवढाच नवा घाला.

चार्जिंगची असेल तर मात्र स्वतः उघडू नका. ओली असताना चार्जिंगला लावू नये. मागच्या पिना थेट प्लगमध्ये खोचायच्या प्रकारात आतल्या भागांना घरची वीज पोचलेली असू शकते. लिथियमचा सेल फुगला, तापला किंवा त्याला वास आला, तर तो दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. ती बॅटरी मोडीतच काढावी.

वाट साफ करूनही दिवा लागला नाही, तर बहुधा बटण गेलेलं असतं. विजेचं सामान दुरुस्त करणाऱ्याकडे ते बदलून मिळतं. किंमत आधी विचारावी. स्वस्तातल्या बॅटरीला दुरुस्ती महाग पडते.

बाद झालेले सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. २०२२ च्या नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे ते देईपर्यंत प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. बटणासारखे चपटे सेल मुलांच्या हाताला लागता कामा नयेत. गिळल्यास अन्ननलिका भाजते, म्हणून क्षणही न दवडता इस्पितळ गाठावं.

महिन्याचं वाणसामान भरतो, त्याच दिवशी बॅटरी एकदा लावून पाहावी आणि चार्जिंगची असेल तर चार्ज करावी. घरातली जास्तीची बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहणार असेल, तर सेल काढून त्याच पिशवीत वेगळे ठेवावेत. पाच मिनिटांचं काम, पण अंधारात जिना उतरताना त्याची किंमत कळते.