मिक्सिंगच्या आधीची रात्र

तुळशीचं लग्न लागलं की संभाजीनगरात बीड बायपासवरच्या लॉन्सना उसंत नसते आणि पाठोपाठ मिक्सिंगवाल्यांच्या खोल्यांनाही. हळद, मंगलाष्टकं, पाठवणी. दोन-तीन कॅमेरे, वर ड्रोन, शिवाय नवरीच्या मामेभावाने मोबाइलवर काढून ‘दादा, एवढं टाकाच’ म्हणून पाठवलेले तुकडे. हे सगळं टाइमलाइनवर ठेवून प्ले दाबलं की चित्र अडखळतं. आवाज पुढे जातो, भटजींचे ओठ मागे राहतात. मग कुणीतरी नवा संगणक घ्यायचा सल्ला देतं. माझ्या मते तो बऱ्याचदा घाईचा असतो. अडचण फाइलच्या रचनेत असते आणि तिच्यावरचा इलाज फुकट मिळतो: संकलनाआधी फाइलचं रूपांतर.

मिनीडीव्ही टेपच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. 1995 मध्ये आलेल्या डीव्ही पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवली जाई. सेकंदाला 25 मेगाबिट चित्र, म्हणजे आवाजासकट तासाला सुमारे 13 जीबी. तासाची टेप संगणकात उतरवायला तासच लागे, पण एकदा उतरली की बेतास बात संगणकावरही लोण्यासारखी कापता येई. 2006 मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी एव्हीसीएचडी आणलं, टेप गेली, कार्ड आलं. 2008 मध्ये कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टूने फोटोच्या कॅमेऱ्यातून फुल एचडी चित्रीकरण सुरू केलं. मागचं धूसर आणि नवरा-नवरी लख्ख, अशा त्या सिनेमासारख्या चित्राने लग्नाच्या व्हिडिओचं रूपच पालटलं. पण दोन्हींच्या पोटात एच.264 हे दाबून भरण्याचं तंत्र होतं. ते 2003 मध्ये ठरलं तेव्हा हेतू होता कमी जागेत चांगलं चित्र मावावं हा. ते चित्र कुणी जागोजागी कापत बसेल, हा विचार मागे होता.

किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. पहिल्या ओळीत पूर्ण बाकी, पुढे फक्त ‘साखर घेतली’, ‘शंभर जमा’ अशा नोंदी. आजची बाकी हवी तर वरपासून बेरीज करत यावं लागतं. एच.264 मध्ये असंच असतं. एक फ्रेम पूर्ण, तिला आय-फ्रेम म्हणतात. पुढच्या दहा-बारा फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. काही फ्रेम तर पुढे येणाऱ्या फ्रेमचाही आधार घेतात. सरळ बघत गेलं तर हे सुरळीत चालतं. पण अंतरपाट दूर झाला तो नेमका क्षण शोधत तुम्ही मागे-पुढे सरकू लागलात, की संगणकाला दर वेळी मागची आय-फ्रेम गाठून बेरीज करावी लागते. तेही एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांसाठी. पुढे आलेलं एच.265 जागा आणखी वाचवतं, पण उलगडायला त्याहून जड. नव्या कॅमेऱ्यांतली 10-बिट 4:2:2 फाइल तर अनेक महागड्या ग्राफिक्स कार्डांनाही थेट उलगडता येत नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

रूपांतर म्हणजे प्रत्येक फ्रेम पुन्हा स्वतंत्र करणं. लग्नाच्या मिक्सिंगमध्ये एडियस हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या ओळखीचं कॅनोपस एचक्यू हेच करतं. ॲव्हिडचं 2004 चं डीएनएक्सएचडी आणि ॲपलचं 2007 चं प्रोरेस हीही त्याच जातीची. किंमत मोजावी लागते ती जागेची. फुल एचडी, सेकंदाला 25 फ्रेम असलेलं प्रोरेस 422 तासाला सुमारे 55 जीबी खातं. 4के असेल तर 220 च्या घरात. म्हणून लग्नाच्या लांबलचक कामाला प्रॉक्सी बरी: त्याच चित्राची हलकी प्रत, फुल एचडीत तासाला 17 जीबीच्या आसपास. कापाकापी प्रतीवर करायची, शेवटी सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल जोडून घेतं. प्रीमियर आणि दा विंची रिझॉल्व्ह या दोन्हींत ही सोय आहे. वेगळं साधन हवं तर शटर एन्कोडर फुकट आहे.

एक गोंधळ मात्र फार दिसतो. एव्हीसीएचडीची एमटीएस फाइल ‘कन्व्हर्टर’मधून काढून एमपी4 करायची आणि काम झालं समजायचं. आत एच.264 च राहिलं तर डबा बदलला, माल तोच. पुन्हा दाबल्यामुळे चित्र थोडं बिघडतं ते वेगळंच. हँडब्रेक हे गुणी साधन आहे, पण ते तयार व्हिडिओ लहान करून पाठवण्यासाठी.

मामेभावाच्या मोबाइलचं दुखणं निराळं. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे मंगलाष्टकं संपेपर्यंत आवाज चित्रापासून सरकतो. रूपांतर करताना वेग स्थिर 25 वर बांधून घ्यावा. 25 च का? आपली वीज 50 हर्ट्झची आहे. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवलं तर मांडवातले दिवे लुकलुकण्याची शक्यता बरीच कमी होते. 30 वर ठेवलं तर वाढते.

रूपांतराने चित्र सुधारत नाही, हेही सांगायला हवं. अजिंठ्याच्या 1 किंवा 17 क्रमांकाच्या लेण्यात, फ्लॅशला बंदी असलेल्या अंधुक उजेडात घेतलेलं 8-बिट चित्र प्रोरेसमध्ये गेलं तरी 8-बिटच. अंधाऱ्या भिंतीवरचे दाणे आणि रंगांचे पट्टे तसेच राहतात. आपल्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात लघुपट पाठवण्याचं मनात असलेल्या पोरांनी उजेडाचा विचार चित्रीकरणाच्या वेळीच करावा.

रूपांतराला वेळ लागतो, म्हणून ते रात्री लावून झोपावं. यूपीएस मात्र हवा. मध्येच लाईट गेली की रूपांतराची अर्धवट एमओव्ही फाइल सहसा उघडतच नाही, कारण फाइलची अनुक्रमणिका बहुधा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. कार्ड उतरवताना नुसत्या क्लिप उचलू नयेत, अख्खं फोल्डर घ्यावं. एव्हीसीएचडीत लांब चित्रीकरणाचे तुकडे पडतात आणि ते कसे जोडायचे याची नोंद त्याच फोल्डरात असते.

काम हातावेगळं झालं की प्रॉक्सी खुशाल पुसाव्यात, त्या पुन्हा बनतात. मूळ चित्रीकरण आणि प्रोजेक्ट फाइल मात्र दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावी. लग्नाचा पहिला वाढदिवस जवळ आला की ‘दादा, आजी आशीर्वाद देतानाचं तेवढं एक रील करून द्या ना’ असा फोन येतो आणि आजीचा तो शॉट नेमका पहिल्या मिक्सिंगमध्ये घेतलेला नसतो.