कुत्रें पाळण्यापूर्वीं

बीड जिल्ह्यांतील माजलगांव तालुक्यांत लवूळ नांवाचें एक खेडें आहे. डिसेंबर २०२१ मध्यें या खेड्याचें नांव एकाएकीं देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकलें. वानरें कुत्र्यांचीं पिल्लें उचलून झाडांवर व घरांच्या छपरांवर नेत होतीं. तेथून पडून किंवा उपासमारीनें तीं पिल्लें मरत होतीं. अखेर वनखात्यानें दोन वानरें पकडून दूर नेलीं. वानरांनीं सूड उगविला, अशी कथा जगभर पसरली. वानरांच्या मनांत काय होतें, याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. एक साधा प्रश्न मात्र मागें उरला. इतकीं पिल्लें उघड्यावर आलीं कोठून, आणि तीं होतीं तरी कोणाचीं?

हा प्रश्न एकट्या लवूळचा नव्हे. बहुतेक गांवांत कुत्र्याला भाकरीचा तुकडा सारेच घालतात, पण कुत्रें कोणाचेंच नसतें. बीड शहरालगतच्या टेकडीवर खंडोबाचें जुनें देऊळ आहे. त्या देवाच्या परिवारांत कुत्र्यालाही मान आहे. तेव्हां या मुलखांत दयेची उणीव नाहीं. उणीव आहे ती दयेचा हिशेब शेवटपर्यंत करण्याची.

हा हिशेब अवघड नाहीं. कुत्री साधारणतः सहा ते बारा महिन्यांच्या वयांत प्रथम माजावर येते, आणि पुढें बहुधा वर्षांतून दोनदां. गर्भकाळ सुमारें ६३ दिवसांचा. एका वेळीं चार-सहा पिल्लें होतात. वर्षाला एकच वेत धरलें, तरी पांच वर्षांत एका दारीं वीस-पंचवीस पिल्लें जन्मास येतात. तितकीं घरें कोणत्या गल्लींत मिळणार? उरलेलीं उकिरड्यावर, रस्त्यावर किंवा बसस्थानकावर जातात.

म्हणून पिल्लूं उचलून आणण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं विचार करावा. तें दहा-बारा वर्षें, क्वचित् त्याहूनही अधिक जगेल. बीड जिल्ह्यांत या विचाराला आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीला जातात. घरांना कुलपें लागतात. तेवढे महिने कुत्रें फडावरच्या कोपीपाशीं राहील, कीं घरीं राहणारीं म्हातारीं माणसें त्याचें पोट भरतील? हें आधींच ठरलें पाहिजे. कुलूपबंद दारापाशीं धन्याची वाट पाहणारें कुत्रें ही केवळ करुण गोष्ट नव्हे. विनाकारण जनावर सोडून देऊन त्याला उपासमारीच्या तोंडीं लोटणें, हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे.

पिल्लूं आईपासून आठ आठवड्यांच्या आंत तोडूं नये. घरीं आणतांच पशुवैद्याकडून जंतांचें औषध द्यावें आणि इतर रोगांच्या लसी क्रमानें टोंचून घ्याव्या. तिसऱ्या महिन्यांत रेबीजची लस टोंचावी व पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती नेमानें देत जावी. माणसाला होणारा रेबीज बहुतांशीं कुत्र्याच्याच चाव्यानें होतो. आणि एकदां लक्षणें दिसूं लागलीं, कीं त्यावर इलाज जवळजवळ नाहींच. लहान पिल्लाचा दांत लागला, तरी जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन तत्काळ दवाखाना गांठावा.

आतां निर्बीजीकरणाचा प्रश्न. शेतकऱ्याला ही कल्पना परकी नाहीं. गोऱ्ह्याचा बैल करतांना तो हाच मार्ग धरतो. २०२३ च्या केंद्रीय नियमांनीं पाळीव जनावरांचें जंतनिवारण, लसीकरण व निर्बीजीकरण ही धन्याची जबाबदारी ठरविली आहे. तरी शस्त्रक्रिया ती शस्त्रक्रियाच. तिचे लाभ व तोटे दोन्ही पाहावेत.

लाभ मोठे आहेत. नको असलेलीं पिल्लें थांबतात, हा पहिला. दुसरा प्रकृतीचा: शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयांत उतारवयांत पू होण्याचा विकार पुष्कळदां होतो, स्वीडनमधील पाहणींत दहा वर्षांच्या वयापर्यंत सुमारें चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांना तो झालेला आढळला. शस्त्रक्रियेनें हें भय जवळजवळ नाहींसें होतें. भटक्या कुत्र्यांत संगानें पसरणारी जननेंद्रियांची गांठही त्यामुळें टळते. नराचें माजावरच्या कुत्रीमागें भटकणें व त्यापायीं होणाऱ्या मारामाऱ्या कमी होतात. राखण करण्याची वृत्ति मात्र जात नाहीं. एकदां तरी कुत्रीला विऊं द्यावें, या समजुतीला वैद्यकीय आधार नाहीं.

तोटेही सांगितले पाहिजेत. शस्त्रक्रियेनंतर वजन वाढतें, म्हणून खाणें बेताचें ठेवावें लागतें. कांहीं कुत्र्यांना पुढें लघवी आवरत नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं २०२० मध्यें दाखविलें, कीं २० किलो किंवा अधिक वजनाच्या मिश्र जातीच्या कुत्र्यांत वर्षाच्या आंत निर्बीजीकरण केल्यास सांध्यांचे विकार वाढतात; लहान कुत्र्यांत तसें दिसत नाहीं. तसेंच भित्रें किंवा चावरें कुत्रें शस्त्रक्रियेनें शांत होईलच, असें नाहीं.

यावरून निर्णयाची दिशा ठरते. दार उघडें, अंगण मोकळें व गांवांत नरांची वर्दळ, अशा घरीं मध्यम बांध्याच्या कुत्रीची शस्त्रक्रिया पहिल्या माजापूर्वीं, सहा महिन्यांच्या सुमारास करणें बहुधा हिताचें. थोराड अंगाचें कुत्रें असेल आणि त्याला आवरून ठेवणें शक्य असेल, तर वर्षभर थांबण्याविषयीं पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. कुत्री माजावर असतांना शक्यतों शस्त्रक्रिया टाळावी. टांके सुकेपर्यंत दहा-बारा दिवस जखम चाटूं देऊं नये आणि कुत्र्याला पळूं देऊं नये. ज्याला हे दिवस सवडीनें देतां येतील, त्यानेंच तारीख ठरवावी. ऊसतोडीला निघण्याच्या आदल्या आठवड्यांत हें काम उरकूं नये.

भाकरीचा तुकडा दारांत टाकणें हें पुण्य सोपें आहे. एकच कुत्रें घ्यावें, त्याला टोंचून घ्यावें, त्याच्या पिल्लांचा प्रश्न जन्मापूर्वींच सोडवावा आणि घराला कुलूप लावतांना त्याची सोय पाहावी, हें पुण्य कष्टाचें आहे. पण ज्या गांवांत तें घडेल, तेथें छपरावर नेण्यासाठीं बेवारशी पिल्लूंच उरणार नाहीं.