भाडं स्वस्त, पण ग्रह कुठला? धंद्याची जागा निवडण्याचा हिशोब



गेल्या आठवड्यात एका तरुणाचा फोन आला. लाकडी घाण्याचा धंदा टाकायचाय. गावाबाहेर शेड मिळतंय, भाडं शहराच्या निम्म्याहून कमी आणि डिपॉझिट शनिवारी द्यायचंय. "सर, अशी जागा सोडायची नसते ना?"

मी त्याला एकच विचारलं, "शेंगदाणा कुठून येणार, तेल कुठे जाणार आणि पेंड कोण उचलणार?" पठ्ठ्या गप्प.

खरं सांगू का, हा प्रश्न मी कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकातून घेतलेला नाही. तो नीट उलगडला माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर. हसू नका, वाचा पुढे.

भाचा 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा अंतराळातला गेम खेळतो. आइसलँडच्या सीसीपी गेम्स कंपनीने तो २००३ साली आणला. यातला बाजार बऱ्याच अंशी खेळाडूच चालवतात. माल तेच बनवतात, भाव तेच पाडतात. हा बाजार इतका खरा वागतो की कंपनीने २००७ साली चक्क एक अर्थतज्ज्ञ नोकरीला ठेवला होता. २०१० पासून त्यात ग्रहांवर खाणी आणि कारखाने टाकता येतात.

दिवाळीत भाचा म्हणाला, "मामा, हा लाव्हा ग्रह बघ. स्कॅन केला तर सगळा तापलेला दिसतोय, माल भरपूर. घेऊन टाकू?"

थांब म्हटलं. यातून बनवणार काय?

या गेममध्ये ग्रहांचे ८ प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकारावर ५ कच्चे माल मिळतात. त्याला बनवायचे होते 'मेकॅनिकल पार्ट्स'. त्यासाठी बेस मेटल्स आणि नोबल मेटल्स दोन्ही लागतात. लाव्हावर बेस मेटल्स आहेत, नोबल नाहीत. म्हणजे अर्धा माल दुसऱ्या ग्रहावरून आणायचा. बॅरन किंवा प्लाझ्मा ग्रहावर मात्र दोन्ही एकाच जागी सापडतात.

"मग काय झालं, आणीन की दुसरीकडून," भाचा म्हणाला. इथेच आपण सगळे फसतो. कारण ग्रहावर जकात नाका आहे! माल बाहेर काढला की कर, आत आणला की त्याच्या निम्मा कर. कागद घ्या, हिशोब करूया. दर १० टक्के धरू.

कच्च्या मालाचे ३००० नग घातले की अर्ध्या तासात प्रक्रिया केलेल्या धातूचे २० नग मिळतात. असे एका धातूचे ४० आणि दुसऱ्याचे ४० घातले की तासाभरात ५ मेकॅनिकल पार्ट्स तयार. आता दोन धातू दोन वेगळ्या ग्रहांवर काढून तिसऱ्या ग्रहावर जोडायचे ठरवलं, तर ८० नग बाहेर काढायला ३२०० इस्क (हे तिथलं चलन), तेच ८० नग आत आणायला १६०० आणि तयार ५ पार्ट्स बाहेर न्यायला ३६००. एकूण ८४००. सगळं एकाच ग्रहावर केलं तर फक्त ३६००. माल तोच, नग तेवढेच, फरक ४८०० इस्कचा. शिवाय फेऱ्यांचा वेळ वेगळाच.

म्हणून नेहमी एकच ग्रह घ्यावा असंही नाही हं. तुमच्या केंद्राची वीज आणि संगणक-क्षमता ठरलेली असते. दोन खाणी, वर कारखाने, सगळं एकाच जागी कोंबलं की उत्पादन घटतं. ग्रह मोठा असेल तर जोडण्या लांबतात आणि त्या जास्त वीज खातात. बाजारात भाव चांगला असेल तर कधी कधी नुसता धातू विकणंही परवडतं. भाचा म्हणायचा, "माझाच धातू आहे, तो तर फुकट पडतो." अरे, फुकट कसा? तोच धातू बाजारात विकला असता तर जे मिळालं असतं, ती त्याची किंमत! आपल्याकडे "घरचीच ज्वारी, घरचीच माणसं" म्हणून पापडाचा भाव लावणाऱ्या ताई हीच चूक करतात.

तो तापलेला डाग सुद्धा कायम राहत नाही. एकाच जागी उपसत राहिलं की तिथला माल कमी होतो, खाणीची तोंडं हलवावी लागतात. आणि तुमच्याकडे वेळ किती, तेही बघा. छोट्या मुदतीचं काम लावलं तर तासाला जास्त माल निघतो, पण रोज हजेरी लागते. १४ दिवसांचं लावलं तर निवांत, पण तासाचं उत्पन्न घटतं. नोकरी सांभाळून धंदा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

असुरक्षित भागातले ग्रह जास्त श्रीमंत असतात, हेही खरं. भाचा एकदा गेला. दोन आठवड्यांचा माल एकाच जहाजात भरला आणि वाटेत कोणीतरी उडवलं. सुरक्षित भागात निदान पोलिस येऊन हल्लेखोराला धडा शिकवतात. माल मात्र तिथेही परत मिळत नाही.

हे सगळं बघताना मला माझं पहिलं मसाल्याचं युनिट आठवलं. शहरात भाडं ११,००० होतं, मी गावाबाहेर ६,००० मध्ये घेतलं. महिन्याला ५,००० वाचले म्हणून पेढे वाटले होते! पण मिरची यायची शहरातल्या मार्केट यार्डातून आणि मसाला विकायचा तोही शहरातच. टेम्पोची एक फेरी ९०० रुपये, महिन्याला ८ फेऱ्या. ७,२०० झाले. दर महिन्याला २,२०० रुपये मी स्वतःच्या हाताने रस्त्यावर टाकत होतो आणि १४ महिने मला ते कळलंच नाही, कारण भाड्याची पावती दिसायची, टेम्पोचे पैसे रोजच्या खर्चात विरघळायचे. शेवटी आईच्या नावावरची ठेव मोडून उधारी फेडली.

त्या तरुणाला मी हाच कागद करायला लावला. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा परत फोन आला. शेडपासून दोन किलोमीटरवर गोठा आहे, पेंड तिथे जाईल, ही जमेची बाजू. पण शेंगदाणा शहरातूनच आणावा लागेल, गिऱ्हाईकही तिथलंच, आणि शेडपर्यंत थ्री फेजची लाइन आलेलीच नाही. लाइनचा खर्च कोण करणार, यावर मालक काही बोलायला तयार नाही.

डिपॉझिट त्याने दिलेलं नाही. मालकाकडून पंधरा दिवस मागून घेतलेत आणि आता मार्केट यार्डाजवळचा एक छोटा गाळा बघतोय. भाडं दुप्पट आहे. फेऱ्यांचा आकडा आला की आम्ही दोघं परत बसणार आहोत.